बुलढाणा वगळून गोव्याला?

बुलढाणा

चि. बंड्या,

"मामा, या वेळी बुलढाण्याला येत नाही. रात्री दहाला नागपूर सोडतो, समृद्धी महामार्गाला लागतो, सकाळी पुणं, संध्याकाळी गोवा." काल फोनवर हे म्हणालास आणि माझं चित्त काही थाऱ्यावर नाही. वर विचारतोस, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' पाहून आम्ही मित्रांनी ठरवलं, त्यात वाईट काय?

मित्रांबरोबर जाण्यात वाईट काहीच नाही, जा. पण तो सिनेमा तुम्ही नीट पाहिलाच नाहीत. त्यातल्या 'बॅगवती' नावाच्या बॅगेवर तुम्ही लोळून हसत होतात तेव्हा ताईच्या घरी मीही बसलो होतो. आता आठव, त्यात जे घडतं ते कुठे घडतं? अर्जुन समुद्राच्या तळाशी जाऊन वर येतो आणि त्याला रडू फुटतं. इमरान कधी न पाहिलेल्या बापासमोर जाऊन उभा राहतो. हे सगळं गाडीतून उतरल्यावर. स्पेनचे रस्ते गाण्यापुरते येतात. स्टिअरिंगवर रात्र जागणारा माणूस तर दिसतही नाही, कारण तो भाग कापलेला असतो. मेहमूदचा 1972चा 'बॉम्बे टू गोवा' घे, नाहीतर आपल्या सचिनचा 'नवरा माझा नवसाचा' घे. बस थांबते, माणसं उतरतात, भांडतात, जेवतात, तेव्हाच गंमत येते. प्रवास थांब्यांचा असतो रे बाप्पा! मेहकरला टायर बसला नसता तर शारंगधर बालाजीची ती काळ्या पाषाणाची मूर्ती तू जन्मात पाहिली असतीस का? तेव्हा किती चिडला होतास!

समृद्धी आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या चार तालुक्यांतून जाते. म्हणजे लोणारचं उल्का पडून झालेलं विवर, पावणेदोन किलोमीटरहून रुंद, तुम्ही काळोखात बाजूला टाकून जाणार. जून 2020मध्ये त्यातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं शोधलं. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. जग ज्याची नोंद घेतं ते तुझ्या मित्रांनी पाहिलेलं नाही, आणि तू दाखवणार नाहीस? जिजाऊंचं सिंदखेडराजाही तसंच मागे टाकणार? टिपेश्वर अभयारण्यातल्या त्या वाघानं तर तेलंगणातून, हिंगोली, वाशीम, अकोला करत शेकडो किलोमीटर पायपीट केली आणि 2019च्या डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम केला. तुम्हाला चाकं असून थांबवत नाही.

पण खरं सांगू? लोणारपेक्षा मला तुमच्या रात्रीची काळजी आहे. 1 जुलै 2023 विसरलास का? नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस, रात्री दीडचा सुमार, सिंदखेडराजाजवळचं पिंपळखुटा. बस उलटली, पेटली, 25 माणसं गेली. ओळख पटेना म्हणून बहुतेकांना इथे बुलढाण्यातच एकत्र अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी गावात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तुमची वाट तीच, वेळही तीच.

त्या रस्त्यावर वळण नाही, गाव नाही, समोर गुरं नाहीत. मैलोन्‌मैल एकसारखं काँक्रीट पाहून डोळे उघडे असूनही मन झोपतं, त्याला महामार्ग संमोहन म्हणतात. सोबतचे तिघं गप्पा मारून जागं ठेवतील म्हणतोस, पण दोन वाजता तेच आधी डोलायला लागतील. आणि गाडीला 120ची परवानगी आहे म्हणून ते गाठलंच पाहिजे असं नाही.

तेव्हा ऐक. पहाटे पाचला निघा. निघण्याआधी टायरची हवा बघा, घासलेला टायर असेल तर बदलूनच घ्या. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. मेहकरला उतरून लोणारला या. मी भाकरी, ठेचा, पिठलं घेऊन तिथे येतो. ऊन उतरल्यावर सगळे बुलढाण्याला चला, इथे झोपा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात पुणं धरा. गोवा एक दिवस उशिरा आला तर बिघडत नाही.

ताईला 'रात्रीच निघतोय' असं सांगितलं आहेस का? नसेल तर आजच सांग, नाहीतर मी सांगतो. आणि गाडी आलटून पालटून कोण चालवणार, त्यांची नावं मला कळव. ज्यानं नुकतं लायसन्स काढलंय, त्याच्या हाती समृद्धीवर गाडी देऊ नकोस.

तुझा,
मामा