बंगळूरचे पिंप आणि आफ्रिकेची मच्छरदाणी

गाडी यशवंतपूरला लागते तेव्हा मराठी प्रवाशाला क्षणभर आपल्याच मुलखात उतरल्यासारखे वाटते. नावच तसे आहे! पण फलकावरची कानडी अक्षरे दिसतात आणि ध्यानात येते, की हे बंगळूरच्या वायव्येचे जंक्शन. बाहेर तुमकूर रस्त्यावर ट्रकांची रांग, डोक्यावर मेट्रो, आणि जवळच बाजार समितीचे आवार. महाराष्ट्रातला कांदा इथवर येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरच्या या शहराची हवा मात्र आपल्यापेक्षा गार.

डासांना ती चांगलीच मानवते. इथल्या गल्ल्यांतून फिरताना पाणी साठवण्याची भांडी नजरेत भरतात. दारात निळी पिंपे, गच्चीवर काळ्या टाक्या आणि जमिनीखाली हौद. त्याला इथे 'संप' म्हणतात. कावेरीचे पाणी शंभरेक किलोमीटरांवरून येते आणि ते रोज येईलच असे नाही. मग गृहिणी ते भरून ठेवणार नाही तर काय करणार? पण झाकण सैल राहिले, की त्या स्वच्छ पाण्यात 'अॅनाफेलिस स्टिफेन्साय' ही शहरी हिवताप पसरवणारी डासाची मादी अंडी घालते.

या पिंपाची गोष्ट जुनी आहे. १८८३ साली रोनाल्ड रॉस हा तरुण लष्करी डॉक्टर शहराच्या दुसऱ्या अंगाला, छावणीत राहायला आला. बंगल्यात डासांनी त्याला हैराण केले. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. हाच उपाय त्याने लष्करी भोजनगृहासाठी सुचवला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने तो उडवून लावला. डास देवाने काहीतरी हेतूनेच निर्माण केले असणार, ते माणसाने सोसावेत, असे त्या गृहस्थाचे म्हणणे! डासाचा हिवतापाशी संबंध तेव्हा रॉसलाही ठाऊक नव्हता. तो धागा त्याच्या हाती लागला २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे रॉस आफ्रिकेत, सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला गेला. तिथे त्याने डबकी बुजवण्याची आणि फुटके डबे उचलण्याची मोहीम काढली. पण आफ्रिकेचा डास निराळा. तो पावसाच्या लहानसहान डबक्यांत वाढतो आणि रात्री घरात शिरून झोपलेल्या माणसाला चावतो. डबकी बुजवायची तरी किती? तिथे खरी कामास आली ती मच्छरदाणी, तीही धाग्यातच कीटकनाशक मुरवलेली. डास तिच्यावर बसला की मरतो, त्यामुळे गावात पुष्कळ घरांनी ती लावली तर शेजाऱ्याचेही रक्षण होते. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे कोट्यवधी रुग्ण टळले, त्यातले दोन तृतीयांश मच्छरदाणीमुळे टळले असा अभ्यासकांचा हिशेब आहे. तरीही २०२३ साली जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे हिवतापाने दगावली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि तिथे चारांपैकी तीन बळी पाच वर्षांखालच्या बालकांचे.

मच्छरदाणी वाटली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. कुणाला आत उकडते, कुणी तिने मासे धरतो. समजावून सांगणारे माणूस लागते. कर्नाटकाने यासाठी एक आपलासा मार्ग काढला होता. डिसेंबर २००१ मध्ये इथल्या एका हिवतापग्रस्त जिल्ह्यात तीस स्थानिक कलाकारांनी दोन आठवडे संध्याकाळी 'कलाजथा' रंगवली. गाणी आणि सोंगे यांतून डास, ताप आणि विहिरीतले गप्पी मासे यांची ओळख करून दिली. दोन महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा खेळ पाहिलेल्यांना हिवतापाची माहिती इतरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे आढळले. भिंतीवरच्या पत्रकाने हे क्वचितच साधते.

आता उलटीच गंमत झाली आहे, आणि ती चिंतेची आहे. आपल्याकडचा हा पिंपातला डास आफ्रिकेत जाऊन पोहोचला. २०१२ मध्ये तो जिबुतीत सापडला. त्या देशात त्या वर्षी हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते ७३ हजारांवर गेले. नंतर तो इथिओपिया, सुदान, केनिया अशा देशांतही दिसला. तो संध्याकाळीही चावतो, माणसे अंथरुणावर पडण्याच्या कितीतरी आधी. तिथे एकटी मच्छरदाणी पुरी पडत नाही. जिबुतीच्या गृहिणीलाही आता टाकीचे झाकण घट्ट बसवण्याचे सांगावे लागते.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा. यशवंतपूरच्या गल्लीत त्याला सोयीची वेळ म्हणजे नळ येण्याआधीची. पिंपात तळाशीच काय ते पाणी उरलेले असते. ते जमिनीवर ओतायचे, पिंप आतून घासायचे, उन्हात उपडे ठेवायचे आणि नळाचा आवाज आला की पुन्हा भरून, कापड बांधून, वर झाकण ठेवायचे.