आक्कांचा गुंड्या

सांगलीच्या गावभागात आक्कांच्या घरी वाढलेला गुंड्या १२ किलो वजनाचा, तांबूस, गावठी आणि खाण्याच्या बाबतीत पुरता बेशरम. वटपौर्णिमेचे आंबे, कपड्यांचा साबण, एकदा तर भिंतीवरच्या कॅलेंडरातला अख्खा श्रावण त्याने फस्त केला. पोटाने कधी दगा दिला नाही, म्हणून घरातलं कुणी मनावर घेत नसे.

आक्कांना आठवड्यातून एकदा घ्यायची डी-थ्रीची कॅप्सूल सुरू होती. एकीत ६०,००० युनिटं. चार कॅप्सूलचं नवं पाकीट देवघराच्या कट्ट्यावर राहिलं आणि थोड्याच वेळात पलंगाखाली नुसता चघळलेला कागद सापडला. गुंड्या शेपूट हलवत उभा.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मिठाचं पाणी पाजा." आक्कांनी दुधाची वाटी पुढे केली. तोवर नातवाने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला होता.

"मीठ नको, त्यानेही विषबाधा होते. दूध तर मुळीच नको. पाकीट घ्या आणि निघा."

डॉक्टरांनी पाकीट वाचून हिशेब मांडला. चार कॅप्सूल म्हणजे ६ मिलिग्रॅम, किलोमागे अर्धा. कुत्र्याला ०.१ पासूनच त्रास होऊ शकतो. तास उलटला नव्हता, म्हणून उलटीचं इंजेक्शन दिलं, मग सलाइन लावलं. एवढ्या टवटवीत कुत्र्याला सलाइन कशाला, हे आक्कांना पटेना. पण या जीवनसत्त्वाने रक्तातलं कॅल्शियम चढायला दिवस-दोन दिवस जातात आणि ते चढलं की मूत्रपिंडं बिघडतात. दुसऱ्या दिवशी गुंड्याने भाकरीकडे पाठ फिरवली, घटाघटा पाणी प्यायला आणि अंगणभर मुतत सुटला. लघवी वाढवणारं औषध, रोजची रक्ततपासणी, पुन्हा सलाइन.

त्यातून तो उठला. मात्र डी जीवनसत्त्व चरबीत साठतं, उतरायला आठवडे घेतं. तोवर दूध, दही, साय बंद. रोजचा दहीभात गेला, हा त्याच्या लेखी खरा जुलूम.

सुधारला? छे! पुढे त्याने बी-कॉम्प्लेक्सवर हात मारला. या खेपेला नातवाने पाकीट हातात धरूनच फोन केला. लोह आहे? नाही. डी? नाही. चघळायच्या गोळ्यांत कधीकधी असतं ते झायलिटॉल, ज्याने कुत्र्याची रक्तातली साखर तासाभरात कोसळते? तेही नाही.

"मग जुलाब होतील, लघवी पिवळीधमक दिसेल. लक्ष ठेवा."

तसंच झालं. आक्कांनी अंगणात फिनेल ओतत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा गुंड्या बाटलीचं झाकण पळवण्याच्या बेतात होता.