तळाशी बसलेलं

माझे वडील कंपाउंडर होते. पेशंट घरून रिकामी बाटली आणायचे. वडील तीत गुलाबी मिक्श्चर भरायचे, डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी खळीने चिकटवायचे आणि प्रत्येकाला बजावायचे, “हलवून घ्या बरं, नाहीतर सगळं औषध तळाशी राहील.” रोज ऐकून ते वाक्य मला ऐकूच येईनासं झालं होतं.

कॉलेजात असताना ते पुन्हा ऐकू आलं. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ वाचत होते. (ती वाचायची असेल, तर पुढचं वाक्य गाळा.) टॉनिकातलं स्ट्रिक्नीन ब्रोमाइड मिसळल्यावर खाली बसतं आणि शेवटच्या डोसाबरोबर एकदम पोटात जातं. मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “बरोबर आहे. बाईने हाताने औषधं केलेली दिसतात.”

केली होतीच. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात ती आधी शुश्रूषा करायची, मग औषधं बनवू लागली. १९१७मध्ये त्याची परीक्षाही पास झाली. रहस्यकथा तुला जमायची नाही, असं थोरल्या बहिणीने डिवचलेलं. विषांच्या बाटल्या समोरच्या फळीवर, गावात बेल्जियमहून आलेले निर्वासित. कामातल्या रिकाम्या वेळात यातूनच तिचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्युल पॉयरो उभा राहिला. १९२०मध्ये पुस्तक आलं. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने तिची विषाची जाण वाखाणली, याचं तिला फार अप्रूप होतं.

तिला शिकवणारा एक औषधविक्रेता खिशात क्युरारे या विषाचा गोळा बाळगायचा. का, तर त्याने अंगात ताकद आल्यासारखी वाटते! हा माणूस तिच्या मनाच्या तळाशी चाळीसहून अधिक वर्षं बसून राहिला आणि १९६१च्या ‘द पेल हॉर्स’मध्ये वर आला.

काही गाळ मात्र तिने ढवळला नाही. १९२६मध्ये आई गेली, नवरा दुसरीत गुंतला आणि डिसेंबरात ही अकरा दिवस नाहीशी झाली. सापडली ती हॅरोगेटच्या हॉटेलात, त्या दुसरीचंच आडनाव लावून. तिच्या जाड आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्यांची सगळी रहस्यं शेवटच्या पानावर उलगडणारी बाई!

परवा माळा आवरताना वडिलांची एक बाटली सापडली. पट्टीवरच्या खुणा शाबूत होत्या, तळाशी गुलाबी थर वाळलेला. सवयीने हलवली. थर हलला नाही.