ऐकायच्या अंकासाठी आवाज हवे आहेत

मी मराठीत लिहितो. माझ्या लेखांत जी माणसं येतात, त्यांतल्या निम्म्यांना ते लेख वाचता येत नाहीत. मराठी कळत नाही म्हणून नव्हे. माझी फुफू जन्मभर आमची कोकणी बोली बोलत आली, बाजारात आणि एसटीत मराठी बोलत आली. पण तिची शाळा उर्दू माध्यमाची, तीही चौथीपर्यंत. ती उर्दू वर्तमानपत्र वाचते, देवनागरीत मात्र एसटीची पाटी तेवढी लावून लावून वाचते. तिच्या नातीचं वेगळंच. तिची शाळा इंग्रजी, अरबी अक्षरं कुराणापुरती, देवनागरी परीक्षेपुरती. एका ओट्यावर बसलेल्या या तिघी-चौघींना एक गोष्ट एकत्र बसून वाचता येत नाही. ऐकता मात्र येते.

म्हणून आम्ही चौघांनी एक छोटा ऑडिओ अंक काढायचं ठरवलंय. दर दोन महिन्यांनी एक, अर्ध्या तासाचा, पाच-सहा जणांच्या आवाजातला. मी कोकणातला, एक शिक्षिका सोलापूरची, एक मित्र मिरजेचा आणि चौथा सध्या दोह्याला नोकरीवर. संपादक वगैरे कोणी नाही. जो तो आपापल्या भागातून आवाज गोळा करील आणि चौघं मिळून जोडणी करू. पैसे कुणाला मिळणार नाहीत, कुणाकडून घेणारही नाही. हा लेख त्याचं आवतण समजा.

मराठी मुसलमान म्हटलं की बाहेर दोन ठोकळे तयार असतात. एक, याची भाषा उर्दूच असणार. दोन, मराठी बोललाच तर तो 'हम तुमको बोला' छापाचं, नाटकातल्या विनोदी पठाणासारखं बोलणार. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान होते, आणि राज्यात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दू सांगणारे सगळे मुसलमानच धरले तरी पन्नास लाखांहून अधिक माणसांनी घरची भाषा दुसरी कुठली तरी सांगितली. शिवाय ज्यांनी उर्दू सांगितली त्यांच्यातलेही कितीतरी जण घरात दखनी बोलतात, आणि लखनौच्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकून घाम फुटेल. हे सगळे आवाज आहेत कुठे? छापील परंपरा आपल्याकडे आहे. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे, हमीद दलवाईंचं 'इंधन' आहे, १९९०मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हापासून लिहिणाऱ्यांची एक फळी आहे. पण छापताना आपण सगळेच भाषा धुऊन, इस्त्री करून घालतो. आमच्या घरी कुणी 'मला' म्हणत नाही, 'मना' म्हणतात. मी लिहिताना 'मला'च लिहितो. शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजाबद्दल माझ्या पिढीनं वाचलंय भरपूर, ऐकलंय फार थोडं. आवाजाबद्दल वाचावं लागणं हा प्रकारच मला विचित्र वाटतो.

ऑडिओ अंक ही कल्पना आमची नव्हे. आमच्या खाडीपट्ट्यातल्या घरांनी ती कधीच राबवलीय. तेलाच्या तेजीनंतर गावातले बाप्ये कुवेत, दोहा, दुबईला गेले. घरी राहिलेल्या अनेकींना लिहिता येत नव्हतं, किंवा येत होतं ते उर्दूतलं मोडकंतोडकं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं म्हणजे मनातलं त्याच्या तोंडून जाणार. मग आखातातूनच टेपरेकॉर्डर आला आणि पत्राची कॅसेट झाली. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. ती भरायची तर माणसं बोलत राहायची. आधी सलाम, मग घरातल्या एकेकाची खुशाली, मग कलमांना मोहोर किती आला, कौलं किती फुटली, कुणाचं कुठे ठरलं. पोरांना पुढे ढकलून शाळेतली कविता म्हणायला लावायची. मधेच कोंबडा, मधेच अजान, मधेच 'चालू आहे का बंद?' सुट्टी संपवून परत निघालेल्या कुणाच्या तरी सामानातून ती कॅसेट जायची, आणि तिकडे खोलीतले आठ जण मिळून ऐकायचे, कारण सगळे आजूबाजूच्या गावांतलेच.

सासू-सासऱ्यांसमोर बसून नवऱ्याशी काय बोलणार? म्हणून काही जणी रात्री सगळे झोपल्यावर बाजू बदलून हळू आवाजात बोलायच्या. एका म्हातारीनं मला हे हसत हसत सांगितलं. काय बोलायची ते मात्र सांगितलं नाही.

आता यातल्या कॅसेटी शोधायला जा, हाताला काही लागत नाही. कारण साधं आहे. कॅसेट महाग होती, म्हणून उत्तर त्याच कॅसेटवर यायचं. इकडचा आवाज पुसून तिकडचा आवाज. तो ऐकून झाला की त्याच्यावर पुन्हा इकडचा. शेवटी कंटाळून कुणीतरी त्यावर गाणी भरायचं. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या बोलण्यातलं शिल्लक राहिलं ते चुकून राहिलं. म्हणून सांगतो, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत अशी एखादी कॅसेट असेल तर ती लगेच लावू नका. आधी तिच्या वरच्या कडेची प्लास्टिकची दोन छोटी चौकटं मोडून टाका. ती मोडली की टेपरेकॉर्डरमध्ये चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, फीत तुटेल. आम्हाला कळवा, मिरजेच्या मित्राकडे ती साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायची सोय आहे.

पहिल्या अंकाचा विषय यातूनच ठरला: घरी आलेला निरोप. पत्र, तार, कॅसेट, गावात एकाच घरी असलेल्या फोनवर आलेला ट्रंककॉल, दारात उभा राहिलेला माणूस. चांगला निरोप, वाईट निरोप, उशिरा पोचलेला, कधीच न पोचलेला. ज्याला हा विषय जवळचा वाटत नाही त्यानं नुसता एखादा आवाज पाठवला तरी चालेल. मिरजेत सितार-तंबोरा करणारे कारागीर जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा कानसत कानसत, तार छेडून पाहत, तो गुंजणारा नाद आणतात. २०२४मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या, फोटो आले. मला त्या कानशीचा आवाज हवाय आणि मधे थांबून कारागीर काय पुटपुटतो ते हवंय. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार आता किती गावांत उरलाय? रमजानमध्ये सहरीला उठवत फिरणारे अजून कुठे आहेत? मोबाइलच्या गजरानं त्यांची गरज संपली, पण ज्यांच्या गल्लीत ते अजून येतात त्यांनी खिडकीत फोन धरला तरी पुरे. सांगली-कोल्हापूरकडे मोहरममध्ये करबलची गाणी म्हणतात, त्यांतले म्हणणारे सगळे मुसलमान नसतात. त्यांच्याही आवाजाचं स्वागत आहे. हा अंक मुसलमानांचाच नाही. आमच्या शेजाऱ्यांना आमच्याबद्दल जे आठवतं तेही यायला हवं. फक्त सलोख्यावरची भाषणं नकोत. ती आपल्याकडे भरपूर आहेत.

भाषेवरून आमच्यात चांगलंच वाजलं. दोह्याच्या मित्राचं म्हणणं, बोलीत ऐकवलं तर बाहेरचे हसतील, आधीच आपल्या मराठीबद्दल शंका घेतात. तेव्हा सगळ्यांनी प्रमाण मराठीत बोलावं. त्याचं दुखणं मला कळतं. मुलाखतीच्या खोलीत आडनाव ऐकल्यावर 'मराठी छान बोलता हो' असं कौतुक ज्यांनी झेललंय त्या सगळ्यांना कळेल. पण मला ते पटलं नाही. प्रमाण मराठीतच बोलायचं तर मग छापलेलं काय वाईट आहे? सोलापूरच्या बाईंनी वाद मिटवला. त्यांच्या घरी दखनी, दारात मराठी, गल्लीच्या टोकाला कन्नड आणि तेलुगू. त्या म्हणाल्या, माझी अम्मा एका वाक्यात तीन भाषा वापरते, तिला मी कुठे कुठे थांबवू? ठरलं ते असं की माणूस ज्या भाषेत ती गोष्ट घरी सांगतो त्याच भाषेत सांगील. आम्ही भाषांतर करणार नाही. अगदीच अडेल तिथे आमच्यापैकी कुणी आधी दोन वाक्यांत मराठीतून ओळख करून देईल.

बायकांच्या आवाजाचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. काही घरांत आजही म्हणतात की बाईच्या आवाजालाही पर्दा आहे. यावर आलिमांमध्येही एकमत नाही आणि मी त्या चर्चेत शिरणार नाही. आम्ही एवढंच ठरवलंय की हो किंवा नाही हे ती बाई स्वतः म्हणेल. तिचा मुलगा, नवरा किंवा भाऊ तिच्या वतीनं हो म्हणाला तर ते आम्ही धरणार नाही. नाव द्यायचं नसेल तर देणार नाही, गावही सांगणार नाही. बायकांशी बोलणं, त्यांचं रेकॉर्डिंग ऐकणं, कापणं हे सगळं सोलापूरच्या बाई करतील. रेकॉर्डिंगच्या शेवटी प्रत्येकानं, पुरुषानंसुद्धा, आपल्या तोंडानं म्हणावं की हे इतरांना ऐकवायला माझी हरकत नाही. नंतर मन बदललं तर आम्ही अंकातून तो भाग काढू.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. व्हॉट्सअॅपवर गेलेला आवाज पुरता परत घेता येत नाही. आपल्या समाजातल्या माणसाचं बोलणं मागचं-पुढचं कापून फिरवलं जाईल ही भीती खोटी नाही. ती आमच्याही मनात आहे. म्हणून अंकात कुणावर आरोप, कुणाची निंदा, चालू राजकारणावरची चकमक येणार नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. म्हणू दे. सत्तर वर्षांच्या बाईला फोनसमोर बसवून बोलतं करायचं आणि उद्या तिच्या दारात कुणी येऊन उभं राहील अशी वेळ आणायची, हे मला जमणार नाही.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. साधा फोन आणि त्यातलं रेकॉर्डरचं अॅप बस्स आहे. पंखा बंद, फोन विमान मोडवर, कुकर गॅसवरून खाली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत बसा. फोन तोंडापासून वीतभर, समोर न धरता थोडा बाजूला, नाहीतर 'प' आणि 'फ' फुटतात. सुरुवातीला तारीख आणि ठिकाण सांगा, आणि बोलणं संपल्यावर दहा सेकंद कुणी काही बोलू नका. त्या शांततेवरून खोलीतली घरघर ओळखून ती कमी करता येते. पाच ते सात मिनिटं पुरेत. लिहून काढलंच तर सहाशे शब्दांच्या पुढे जाऊ नका, आणि शक्यतो वाचू नका. वाचायला लागलं की आपण सगळेच बातम्या देतो. म्हातारं माणूस बोलत असेल तर त्याला मधे दुरुस्त करू नका. सन चुकू दे, नाव चुकू दे. पाठवताना व्हॉइस नोट न पाठवता फाइल म्हणून, डॉक्युमेंट करून पाठवा. व्हॉइस नोटमध्ये आवाज चेपला जातो. पार्श्वभूमीला फिल्मी गाणं लावू नका, ते वापरायचा हक्क आपल्याला नाही.

अर्ध्या तासाचा अंक साधारण पंधरा एमबीचा होईल, म्हणजे कमी डेटावरही उतरेल. जिथे रेंजच नाही तिथली सोयही पाहिलीय. आमच्या तालुक्याला मोबाइलच्या दुकानात गाणी, बयान, कव्वाल्या मेमरी कार्डावर भरून देणारा एक पोरगा आहे. तो म्हणाला, द्या, सगळ्यांच्या कार्डात टाकतो, पैसे नकोत, फक्त माझ्या नानीचं एक घ्या. त्याच्या नानीचं झालंय. सांदण फुगायला तांदळाचं पीठ कसं आणि किती वेळ ठेवायचं हे ती नऊ मिनिटं सांगते आणि त्यातली सहा मिनिटं जावेबद्दल आहेत. आम्ही काहीही कापलेलं नाही.

पहिला अंक शाबानमध्ये, रमजानच्या आधी यायला हवा. तेव्हा रजब संपेपर्यंत आवाज पाठवा. आमच्या चौघांपैकी ज्याला ओळखता त्याच्याकडे द्या, ओळखत नसाल तर मला लिहा. अंकाचं नाव अजून ठरत नाहीये. सोलापूरहून एक आलंय, मिरजेहून दोन, दोह्याहून अकरा. तुम्हीही सुचवा. फक्त 'सेतू' नको, आणि 'संवाद'ही नको.