पांढऱ्या कपड्यांचे भय

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे पूर्ण नाव ऑटोवाल्याला सांगावे लागत नाही. ‘मेडिकल’ म्हटले की पुरते. १९४७ साली सुरू झालेल्या या संस्थेत विदर्भातून आणि शेजारच्या छिंदवाडा, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. झाडाखाली सतरंजी अंथरून बसलेले नातेवाईक, भाकरीचा डबा, पिशवीत जपलेले जुने कागद, हे दृश्य नागपूरकरांच्या नित्य परिचयाचे आहे. रुग्ण आत आणि त्याचे माणूस बाहेर, हेही आपण गृहीतच धरले आहे.

याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मात्र ते गृहीत धरले नाही. त्यांचे शोधग्राम पाहायचे, तर उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी अशी वाट धरावी. भिवापूरच्या मिरचीचा मुलूख मागे पडतो, धानाच्या बांध्या सुरू होतात, वैनगंगा ओलांडली की आरमोरी आणि पुढे गडचिरोली. तेथून धानोऱ्याच्या रस्त्यावर, जंगलालगत शोधग्राम आहे.

आदिवासी रुग्ण दवाखान्यात का येत नाहीत, असे बंग दांपत्याने लोकांनाच विचारले. उत्तरे सरळ होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तेथील माणसे पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे वस्त्र तर आम्ही मृताला गुंडाळतो. रुग्णाला आत ठेवून घरच्यांना बाहेर काढतात. तेथे आमचा देव नाही. या उत्तरांवरून दवाखान्याचा आराखडा ठरला. गावासारख्या झोपड्या उभ्या राहिल्या, नातेवाईक रुग्णासोबत राहू लागले, आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले.

विश्वास बसला की दडलेले दुखणे बोलते होते. डॉ. राणी बंग यांनी या जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला या मौनाची खोली कळली.

पांढऱ्या कपड्यांचे भय केवळ अरण्यातले नव्हे. डॉक्टरांसमोर बसताच अनेकांचा रक्तदाब वाढतो. घरी तोच कमी भरतो. म्हणून घरी काही दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून घेतलेल्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. मनाने गोळी कमी-अधिक करू नये.

मौनही आपल्या घरात आहेच. न्हाणीघरात पाय घसरला, लघवी आवरत नाही, महाग म्हणून गोळी एक दिवसाआड घेतो, ही वाक्ये वृद्धांच्या ओठांपर्यंत येऊन परततात. मुलांना काळजी नको, हा त्यामागचा भाव. परंतु त्याची किंमत कधी खुब्याच्या हाडाने, तर कधी पक्षाघाताने मोजावी लागते.

म्हणून सोबत जाणाऱ्यांना विनंती: आई-वडिलांच्या वतीने उत्तरे देऊ नका. त्यांना आधी बोलू द्या, राहिलेले नंतर सांगा. सर्व गोळ्या पाकिटांसह न्या. थोडा वेळ त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असेल, तर निःसंकोच बाहेर थांबा. आणि ज्या डॉक्टरांपाशी ते मोकळेपणी बोलतात, त्यांना सबळ कारणावाचून बदलू नका. वृद्धापकाळी अशी जागा सहज मिळत नाही.