वरची जमीन, खालचें धन

काशी व गया करून कलकत्त्यास आणि तेथून जगन्नाथपुरीस जाणारे महाराष्ट्रीय यात्रेकरू ज्या लोहमार्गानें जातात, त्यावरच धनबाद हें स्टेशन लागतें. बहुतेकांस तें झोपेंतच मागें पडतें. गेल्या माघांत गयेचें पितृकार्य उरकल्यावर आम्ही मात्र मुद्दाम तेथें उतरलों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें बिऱ्हाड धनबादेस आहे, हें एक निमित्त होतें. परंतु खरी जिज्ञासा निराळीच होती. जमीन एकाची व तिच्या पोटांतील धन दुसऱ्याचें, या प्रश्नावर त्या मुलखांत पिढ्यान् पिढ्या दावे चालले आणि त्यांतले कांहीं थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले. ज्या भूमीसाठीं एवढा कागद खर्ची पडला, ती भूमि एकदां डोळ्यांनीं पाहावी, असें आमच्या मनांत फार दिवस होतें.

गयेहून निघालेली गाडी कोडरम्याचें रान ओलांडून पुढें आली, म्हणजे डाव्या हातास जैनांचा पवित्र पारसनाथ पर्वत दिसूं लागतो. मग गोमोह लागतें. १९४१ च्या जानेवारींत सुभाषबाबू इंग्रजांच्या नजरकैदेतून निसटले ते याच स्टेशनावर गाडींत बसून उत्तरेकडे गेले, आणि आतां त्या स्टेशनास त्यांचेंच नांव दिलेलें आहे. तेथून धनबाद जवळच. धनबादेपासून झरिया अवघें तीन कोस. पण या तीन कोसांत जमिनीचा रंगच पालटतो. झाडांचीं पानें, घरांचे पत्रे, बैलाच्या पाठी, मुलांच्या पाट्या, सर्वांवर काळी धूळ. खाणींतून उपसलेल्या दगडमातीच्या टेकड्या जिकडे तिकडे उभ्या, आणि त्यांच्या कुशींतून पांढरा धूर निघत असलेला. रात्रीं त्याच फटींतून निळसर ज्वाळा दिसतात. कांहीं ठिकाणीं जमिनीला हात लावला तर चुलीच्या वैलावर हात ठेवल्यासारखें वाटतें. भौंरा येथें १९१६ सालीं आगीची पहिली नोंद झाली. एका शतकाहून अधिक काळ लोटला, तरी झरियाची आग विझलेली नाहीं.

ही आग लागते कशी, तें आमच्या विद्यार्थ्यानें समजावून सांगितलें. कोळशाला हवेंतील प्राणवायु शोषून घेण्याची खोड आहे, आणि तो शोषतांना तो तापतो. पूर्वीच्या खाणवाल्यांनीं खालीं कोळसा कोरतांना छप्पर तोलून धरण्यासाठीं कोळशाचेच खांब मागें ठेवले. पुढें लोभानें तेहि झिजविले. खांब मोडले, वरची जमीन खचली, तिला भेगा पडल्या. भेगांतून वारा आंत शिरला आणि कोळसा आपोआप पेटला. म्हणजे वरच्या भूमीचें नशीब खालच्या मालकाच्या हातीं आहे. कायद्याच्या पुस्तकांत जो वाद रुक्ष दिसतो, त्याचा अर्थ येथें पायाखालीं कळतो.

आतां तो वाद मुळापासून सांगूं. या बाजूस कोळशाचा शोध फार जुना. दामोदर नदीच्या कांठीं राणीगंजच्या परिसरांत १७७४ सालीं सम्नर व हीटली या दोघां इंग्रजांनीं प्रथम खाण चालविली. १८३६ सालीं द्वारकानाथ टागोरांच्या कार-टागोर कंपनीनें राणीगंजची खाण विकत घेतली, आणि १८४३ सालीं बंगाल कोल कंपनी निघाली. १८५५ सालीं आगगाडी राणीगंजला पोंचली. झरियाची पाळी मात्र १८९० नंतर, तेथवर लोहमार्ग आल्यावर आली. हें झरियाचें क्षेत्र सुमारें साडेचारशें चौरस किलोमीटरांचें. पण लोखंडाच्या भट्टीस लागणारा उत्तम जातीचा कोळसा हिंदुस्थानांत मुख्यत्वें येथेंच सांपडतो. त्यामुळें जी खडकाळ माळरानें भात पिकत नाहीं म्हणून कोणी विचारीत नसे, त्यांना एकाएकीं सोन्याचें मोल आलें.

आणि मग प्रश्न निघाला, कीं हें सोनें कोणाचें? १७९३ सालीं लॉर्ड कॉर्नवॉलिसनें कायमधाऱ्याची पद्धत घातली, तेव्हां सरकारानें जमीनदारांशीं साऱ्याचा करार केला. पण जमिनीखालच्या खनिजांचा त्यांत स्पष्ट उल्लेख नव्हता. जमीनदारांनीं त्याच्या आधीं व नंतर शेंकडों लहान वतनें दिलीं होतीं. कोठें ब्राह्मणास ब्रह्मोत्तर, कोठें देवास देवोत्तर, कोठें गांवाची राखण करणाऱ्या दिगवारास चाकरीची जमीन, कोठें ठरावीक साऱ्यानें वंशपरंपरेचा मुकररी पट्टा. देणारा व घेणारा दोघांच्याहि मनांत भात, मोहाचीं झाडें, तळें आणि कुरण एवढेंच होतें. खालीं काय आहे, याचा विचार कोणी केला नव्हता. तेव्हां ज्याचा विचारच झाला नाहीं, तें दिलें असें मानावयाचें कीं राखलें असें मानावयाचें, हा खरा पेंच होता.

प्रिव्ही कौन्सिलानें तो राजांच्या बाजूनें सोडविला. १९१० सालच्या हरिनारायण सिंह विरुद्ध श्रीराम चक्रवर्ती या दाव्यांत असें ठरलें, कीं जमीनदारी ज्याची, भूगर्भहि त्याचाच समजावा; तो त्यानें दुसऱ्यास दिला असें ज्यास म्हणावयाचें असेल, त्यानें तें सिद्ध करावें. १९१२ सालीं झरियाचे राजे दुर्गाप्रसाद सिंह यांचा दावा निघाला. त्यांत एका दिगवारानें आपल्या चाकरीच्या जमिनीखालचा कोळसा परस्पर पट्ट्यानें दिला होता. तो अधिकार त्यास नाहीं, असा निकाल झाला. १९१६ सालीं पंचकोटचे राजे ज्योतिप्रसाद सिंह देव यांच्या दाव्यांत आणखी एक पाऊल पुढें पडलें. जमीन कायमची दिली, ती वारसांकडे जाते, विकतांहि येते, एवढ्यावरून खनिजें दिलीं असें होत नाहीं; त्यांचें नांव पट्ट्यांत स्पष्टपणें आलें पाहिजे. आणि १९१७ सालीं गिरिधारी सिंह विरुद्ध मेघलाल पांडे या दाव्यांत पट्टेदारांचा शेवटचा आधारहि गेला. त्यांच्या पट्ट्यांत 'मय हक हकूक', म्हणजे 'सर्व हक्कांसह', असे शब्द होते. न्यायाधीशांनीं म्हटलें, कीं या शब्दांनीं देणगींत कांहीं भर पडत नाहीं. जें मुळांत दिलेंच नाहीं, त्याचे हक्क कोठून यावयाचे?

झरियांत एका वृद्ध गृहस्थांच्या घरीं आम्हांस असाच एक पट्टा पाहावयास मिळाला. पितळेच्या डब्यांत, तांबड्या फडक्यांत बांधलेला, कडा वाळवीनें खाल्लेला. गृहस्थ ब्राह्मण, घर चार भावांचें, चुली दोन. त्यांच्या पणज्यांनीं या चार शब्दांवर भरवसा ठेवून एका खाणवाल्यास कोळसा दिला होता, आणि राजाकडच्या वकिलाची नोटीस आल्यावर घरांतले दागिने मोडून दावा लढविला होता. तो हरला. "आमच्या आजीच्या पाटल्या कोर्टाच्या पायरीवर गेल्या, आणि कोळसा राजाच्या तिजोरींत गेला," असें ते हंसत सांगत होते. पण डबा बंद करतांना त्यांचा हात सावकाश फिरत होता. पट्टा ठेवण्याचें कारण विचारलें, तेव्हां म्हणाले, "मास्तरजी, घर खचेल तेव्हां हें घर आमचें होतें, एवढें तरी सांगतां आलें पाहिजे."

तो कागद वाचतांना आम्हांस आपल्याकडील सनदांची आठवण झाली. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुने इनामपत्र असेल. त्यांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' अशी शब्दांची माळ असते. शाळेंत मुलांस मोडी शिकवितांना ही माळ आम्हांस निव्वळ कारकुनी पाल्हाळ वाटे. झरियांत तिचें मोल कळलें. आपल्या पूर्वजांनीं पाण्यापासून पुरलेल्या ठेव्यापर्यंत एकेक वस्तु नांवानें सांगितली, आणि तिकडच्यांनीं 'सर्व हक्क' अशा मोठ्या शब्दांत सारें गुंडाळलें. न्यायासनापुढें मोठा शब्द रिता ठरला. अर्थात् आपल्याकडेहि ही माळ आज तारील असें नव्हे. मुंबई इलाख्यांत १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यानें सरकारी साऱ्याच्या जमिनींतील खाणींचा हक्क सरकारानें राखून ठेवला, आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेनें खनिजांचा हक्क राज्याकडे ठेवला आहे. वणी, चंद्रपूर, उमरेड या बाजूस कोळसा निघतो, तेथील शेतकऱ्यास हें ठाऊक आहे.

राजांचें भाग्यहि टिकलें नाहीं. सलामी घ्यावी, टनामागें रॉयल्टी घ्यावी, असा त्यांचा थाट दोन-तीन पिढ्या चालला. १९५० च्या बिहार जमीनसुधारणा कायद्यानें जमीनदारी गेली, आणि जमिनीबरोबर खनिजांचा हक्कहि राज्याकडे गेला. प्रिव्ही कौन्सिलांत जें मोठ्या कष्टानें मिळविलें, तें कायद्याच्या एका कलमानें गेलें. पुढें १९५७ सालीं कोळशाच्या जमिनी संपादन करण्याचा स्वतंत्र कायदा झाला. १९७२ सालीं झरियाच्या भट्टीच्या कोळशाच्या खाणी आणि १९७३ सालीं बाकीच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या.

मग वाद मिटला काय? पुरता नाहीं. मलबारांतील जमीनमालकांच्या एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं असें सांगितलें, कीं सामान्यतः भूगर्भाचा स्वामी जमिनीचा स्वामीच होय. कायद्यानें रीतसर त्याचा हक्क काढून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एका शतकांत न्यायाचा कांटा राजाकडून शेतकऱ्याकडे झुकला. पण झरियास त्याचा उपयोग नाहीं. तेथें काढून घेणारे कायदे आधींच होऊन गेलेले आहेत.

झरियाच्या लोकांचा आजचा प्रश्न कोळशाचा नाहींच. तो उभें राहण्यापुरत्या जमिनीचा आहे. आग व खचणारी जमीन यांपासून वांचविण्यासाठीं २००९ सालीं केंद्र सरकारानें मोठी योजना मंजूर केली, आणि बेलगडिया येथें नवी वसाहत वसविली. २०२५ च्या जूनमध्यें त्या योजनेची सुधारलेली आवृत्ति सुमारें ५,९४० कोट रुपयांची मंजूर झाली. या योजनेंत कुटुंबांचे दोन वर्ग आहेत: ज्यांच्याजवळ जमिनीचा कायदेशीर कागद आहे ते, आणि ज्यांच्याजवळ नाहीं ते. उपजीविकेसाठीं एक लक्ष रुपये दोघांसहि द्यावयाचे, असें नव्या योजनेंत ठरलें, ही समाधानाची गोष्ट. तरीहि घराची भरपाई म्हटली, कीं कागद आलाच. वृद्ध गृहस्थ डबा कां जपतात, तें आम्हांस बेलगडियास गेल्यावर उमगलें.

बेलगडियाचीं घरें एकावर एक मजल्यांचीं, लहान खोल्यांचीं आहेत. ज्यांचें चार भावांचें एक घर होतें, त्यांना तेथें चार दारें मिळतात. एका सासूबाईंनीं आम्हांस सांगितलें, कीं देवघर कोणाच्या खोलींत ठेवावें यावरून तीन दिवस घरांत बोलणें नव्हतें. झरियाच्या राजाच्या नांवानें चाललेलें कॉलेजहि आगीच्या भयानें २०१७ सालीं झरियांतून हलविण्यांत आलें. ज्या राजघराण्यानें भूगर्भ जिंकला, त्याच्या नांवाच्या विद्यालयासहि वरची भूमि थारा देईना, हें पाहून आमच्यासारख्या मास्तराचें मन कसेंसेंच झालें.

धर्मशास्त्रांत या प्रश्नाचा विचार झालेला नाहीं असें नव्हे. मनूनें जुन्या ठेव्यांचा व भूमींतील धातूंचा अर्धा भाग राजास सांगितला, आणि त्याचें कारण दिलें तें रक्षणाचें. राजा भूमीचें रक्षण करतो, म्हणून त्यास भाग. मीमांसकांनीं तर विश्वजित् यज्ञाच्या विचारांत, सर्वस्व दान करणाऱ्या राजासहि पृथ्वी दान करतां येत नाहीं, असें ठरविलें; कारण ती सर्वांची समान आहे. झरियांत राजा, कंपनी आणि सरकार या तिघांनीं क्रमाक्रमानें भाग घेतला. रक्षण मात्र मागें राहिलें, आणि जी जमीन खचली ती नेहमीं तिचीच, जिनें भाग कधीं मागितला नव्हता.

वाचकांनीं पूर्वेची यात्रा केली, तर एक दिवस धनबादेस काढावा. देवळें तेथें थोडीं. पण पायाखालच्या भूमीचा विचार करावयास लावील असें दुसरें क्षेत्र आम्हीं पाहिलें नाहीं. आणि घरीं परत आल्यावर आपल्या घरांतील जुना डबा उघडून कागद एकदां वाचावे, मुलांस वाचून दाखवावे, आणि वाळवी लागली असेल तर वेळींच नकला करून ठेवाव्या. आमच्या त्या वृद्ध यजमानांनीं निरोप देतांना एवढेंच सांगितलें होतें: "जें लिहिलें नाहीं, त्याच्यासाठीं आम्ही भांडलों. तुमच्याकडे जें लिहिलें आहे, तें तरी सांभाळा."