जिप्सीतून स्पितीला

आमच्याकडे जिप्सी आली तेव्हा मी आठ दिवस ह्यांच्याशी धड बोलले नव्हते. दुसऱ्याने वापरलेली गाडी, बसायला टणक, आणि मागे बसलं तर प्रत्येक खड्डा पाठीला कळणार! त्या पैशांत एखादी साधी, मऊ सीटची गाडी घेतली असती तर सासूबाईंना देवदर्शनाला तरी नेता आलं असतं, असं माझं म्हणणं. आज त्याच गाडीबद्दल तुम्हांला सांगायला बसले आहे, याचं माझं मलाच हसू येतंय.

मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आली. आता ती तुम्हांआम्हांला नवी मिळत नाही, पण ताडोब्याला वाघ बघायला गेला असाल तर तुम्ही तिच्यातच बसला असाल. तिचं वेगळेपण म्हणजे गिअरच्या शेजारची दुसरी छोटी दांडी. एरवी इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो. ही दांडी टाकली की तो पुढच्या दोन चाकांनाही मिळतो. त्यापुढे ‘लो’ नावाची जागा आहे. तिथे दांडी नेली की गाडी माणसाच्या चालीने चालते, पण चढ असो की चिखल, ओढ मात्र कितीतरी वाढते. माझी समजूत होती की अशा गाड्या दामटायच्या असतात. निघालं उलटंच. जिथे खरी अडचण, तिथे ही गाडी सर्वांत हळू चालवायची असते.

स्पितीला जायचं ठरलं तेव्हा इतक्या लांबवर ह्यांनी एकट्याने चालवणं बरं नव्हे, म्हणून मीही ती शिकले. रविवारी सकाळी नाशिकबाहेरच्या माळावर आमची शाळा भरायची. पहिला धडा अंगठ्यांचा. खडकाळ वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा दुखावतो. दुसरा धडा, पाण्यात घातल्यावर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही.

शाळेची सुट्टी संपत आली होती, जूनचा पहिला आठवडा. नाशिकहून निघून चौथ्या दिवशी मनालीला पोचलो. तिथे टाकी काठोकाठ भरली, कारण पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की हिरवी मनाली मागे राहते आणि लाहौलचे उघडेबोडके डोंगर समोर येतात. कोकसर गेलं, ग्राम्फू आलं आणि डांबराने आमचा निरोप घेतला. तिथून बातालपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर म्हणजे गोटे, धूळ आणि बाजूला धावणारी चंद्रा नदी. हीच चंद्रा पुढे तांडीला भागेला मिळते आणि चिनाब होते.

आमची चूक झाली ती मनालीतच. गरम पराठे, मग लेकीची टोपी, मग बाजारात एक फेरी, असं करता करता निघायला उशीर झाला. या वाटेवर डोंगरांतून उतरणारे नाले रस्त्यावरूनच वाहतात. वरचं बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून पहाटे पाणी कमी असतं आणि दुपारनंतर तोच नाला अंगावर येतो. आम्ही छत्रूच्या पुढच्या एका नाल्याशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

पाण्यात एक छोटी गाडी बंद पडली होती आणि चार माणसं तिला ढकलत होती. कोकसरपासून ह्यांचं डोकं ठणकत होतं, म्हणून मी चालवत होते. हे म्हणाले, “घाल. फोर-व्हील कशाला घेतलीय?”

मी खाली उतरले. काठीने खोली पाहिली, तर ओली खूण माझ्या मांडीपर्यंत आली. पाणी चाकाच्या निम्म्यावर गेलं तर थांबायचं, असं आम्ही माळावर ठरवलं होतं. पाण्याखालून दगड घरंगळल्याचा आवाज येत होता. मागे वळून पाहिलं, तर लेक काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती.

“आज नाही जायचं,” मी म्हटलं.

“तुला भीती वाटतेय.”

“हो, वाटतेय.”

गाडी वळवली. छत्रूपर्यंत कुणीच बोललं नाही. तिथल्या ढाब्यावर राजमा-भात घेतला, त्यांच्याच तंबूत गाद्या मिळाल्या. रात्री ह्यांना दोनदा उलटी झाली. अकरा हजार फुटांवर आम्ही एकाच दिवसात आलो होतो, त्याचा हा प्रसाद. सिमल्याहून किन्नोरमार्गे गेलं तर उंची बेताबेताने वाढते, शरीराला सवय होते. विश्रांती घेऊनही डोकेदुखी वाढत गेली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर लगेच खाली उतरावं. त्यात मानापमान नको. नाल्यापलीकडे अडकलो असतो तर ह्यांना घेऊन मी कुठे उतरणार होते, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही.

सुदैवाने पहाटे ह्यांना बरं वाटलं. साडेपाचला आम्ही त्याच नाल्यावर होतो. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत! दांडी ‘लो’वर, पहिला गिअर, पाय क्लचपासून दूर. गाडी डुलत डुलत, एकेका गोट्यावरून उतरत पलीकडे गेली. ब्रेक ओले झाले होते, ते हलके दाबत दाबत वाळवले. “जमलं हो,” हे एवढंच म्हणाले.

बातालला चहा झाला. मग सुमारे पंधरा हजार फुटांवरची कुंझुमची खिंड. तिथे कुंझुमदेवीला गाडीसकट प्रदक्षिणा घालतात, आम्हीही घातली. चंद्रतालकडे जाणार असाल तर एक सांगते. फोर-व्हील आहे म्हणून गाडी गवतावर, ओल्या जमिनीवर नेऊ नका. तळ्याच्या अलीकडेच ती उभी करायची आणि पुढे पायी जायचं. तिथलं गवत एकदा चाकाखाली गेलं की पुन्हा उगवायला वर्षं लागतात.

आता थोडं घरी आल्यानंतरचं. प्रवासाहून आल्यावर आपण डबे, अंथरुणं उन्हात टाकतो, तसंच गाडीचंही करावं लागतं. आधी खालून धुऊन चिखल काढायचा. मग डिफरन्शियलचं तेल बघायचं. गरम झालेला ॲक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदलून घ्यावं. ग्रीसिंग करून घ्यायचं, एअर फिल्टरची धूळ झटकायची. फोर-व्हीलची दांडी कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकू नये. वळताना पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत आणि सगळा ताण आतल्या गिअरांवर येतो. पण महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर ती जरूर टाकावी, नाहीतर अडते. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी शिरलं असेल तर इंजिनच मोडतं. आधी गाडी बाहेर ओढून काढा.

बरोबर ओढायचा पट्टा, हवा भरायचा पंप आणि जॅक हवाच. मऊ मातीत जॅक रुततो, त्याखाली फळी लागते. मी आमचा तडकलेला पोळपाट नेला होता. सगळे हसले, पण लोसरच्या अलीकडे चाक पंक्चर झालं तेव्हा त्यानेच जॅक तोलला. आता तो कायमचा गाडीतच असतो.

परवा ह्यांचे एक मित्र स्पितीचा बेत विचारायला आले होते. मी आत चहा करत होते. हे सांगत होते, “नाल्याशी गेलं की आधी ही उतरते, काठीने बघते. मग जायचं की नाही ते ठरतं.”

चहात साखर जरा जास्तच पडली त्या दिवशी.